कोयत्याचा उजेड

चैत्रातली पहाट माळजाईच्या डोंगरावर रंगारंगांनी उतरते. आधी राखेचा रंग, मग जांभळाच्या सालीचा, मग कोवळ्या हळदीचा. दरीत धुके दह्यासारखे विरजलेले असते आणि त्या धुक्यातून कोशिंबाची रक्तवर्णी पालवी शिखाशिखांनी वर आलेली असते. जणू वणवा वेळेआधीच येऊन झाडांवर बसला आहे आणि जाळायचे विसरला आहे.

कड्याच्या पदरात गवे चरत असतात, कृष्णशिलेतून कोरल्यासारखे, गुडघ्यापर्यंत पांढरे. शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेते आणि त्या झेपेमागे तांबूस शेपटीची रेघ क्षणभर हवेत राहते. कुठे भेकर भुंकते. कुठे वानराची हाक दरीला टेकून परत येते. माणसाचा आवाज तेवढा नसतो, आणि नसतो म्हणूनच सारे असते.

त्या डोंगराच्या खोल घळीत, माळजाई राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी गर्भात, एक बेहडा उभा होता. उंच, धूसर, पुराणपुरुषासारखा. त्याच्या छातीत एक ढोली होती. ढोलीच्या तोंडावर भिंत होती. भिंतीत एक अरुंद उभी फट होती. आणि त्या फटीमागे, अंधारात, महाधनेशाची मादी बसली होती.

माती, फळांचा चोथा आणि स्वतःची विष्ठा कालवून तिने आतून दार लिंपून घेतले होते. पंखांची मोठी पिसे गाळली होती. आता तिला उडता येत नव्हते. साऱ्या जगाशी तिचे नाते त्या फटीएवढे उरले होते, आणि फटीतून जे आत येई ते नर आणी: उंबर, पिंपरणीची फळे, कधी एखादा किडा. तो आला तर ती होती. तो आला नाही तर ती नव्हती.

हे सारे हेमांगी सबनीसने पुस्तकात वाचले होते, आणि एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून ती आली होती. पुण्याच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवण्यात तिची उमेदीची वर्षे गेली होती. तिचा नवरा जयवंत रानातल्या प्राण्यापक्ष्यांची छायाचित्रे काढी. त्याचे नाव मोठे होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत तो नदीकाठी एका खंड्यासाठी दिवसभर चिखलात बसे, संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी येई आणि हसून म्हणे, "आज नाही म्हणाला तो." त्या माणसावर तिने जीव लावला होता. नाही म्हणण्याचा हक्क पाखराला देणाऱ्या माणसावर.

आता जयवंत शिबिरे घेई. हौशी माणसे महागडे कॅमेरे घेऊन त्याच्या मागोमाग रानात येत. आणि त्या माणसांना पाखराने नाही म्हणून चालत नसे.

त्या पहाटे जीप घळीच्या तोंडाशी थांबली. हिरव्या-करड्या चट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेली माणसे उतरली. त्यांच्या गालांवर उन्हाचे सुगंधी मलम होते, पायांत कोरे बूट होते. हेमांगीला तहान लागली होती. तिने मागच्या बाजूचा आइसबॉक्स उघडला.

सरबताच्या बाटल्यांच्या मधोमध, बर्फात अर्धा रुतलेला, एक पारदर्शक डबा होता. डब्यात घोयरा सरडा होता. त्याचा पर्णहरित रंग उडून शेवाळल्या राखेचा झाला होता. एक डोळा मिटला होता. दुसरा, शंकूसारखा, अतिशय सावकाश तिच्याकडे वळत होता.

"घाबरू नका, वहिनी," शेजारून आवाज आला. ते डॉक्टर बोरवणकर होते, दातांचे डॉक्टर, शिबिरातले सर्वांत मृदुभाषी गृहस्थ. "मेला नाहीये तो. थंड केला की हलत नाही, एवढंच. दुपारी फुलाबिलावर बसवू, फोटो झाले की सोडून देऊ." आणि त्याच डब्याला लागून असलेली बाटली काढून, रुमालाने पुसून, त्यांनी आदराने तिच्यापुढे धरली.

तिने बाटली घेतली नाही. तिने डबा उचलला, पलीकडच्या कातळावर नेला आणि जिथे पहिले ऊन पडले होते तिथे उघडून ठेवला. सरडा बराच वेळ तसाच राहिला. मग त्याच्या पाठीवर, कणाकणाने, हिरवे परत येऊ लागले.

"असू दे," डॉक्टर मागून हसत म्हणाले, "दुसरा मिळेल."

त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरे वाटले असते.

वर्गात ती रस शिकवी. शृंगाराचा स्थायिभाव रती, करुणाचा शोक, बीभत्साचा जुगुप्सा. मुले लिहून घेत. उदाहरण म्हणून ती स्मशान सांगे. रक्त, मेद, कृमी, गिधाडांनी ओढलेली आतडी. आज घळीची वाट उतरताना तिला वाटले, उदाहरणे चुकली होती. गिधाडात किळस येण्याजोगे काय आहे? किळस इथे तिच्यापुढे चालत होती, धुतलेल्या हातांची, अत्तराच्या वासाची, वहिनी वहिनी म्हणणारी.

बेहड्याखाली माणसांनी वरून उचलून आणलेला आइसबॉक्स टेकवला, तिवया रोवल्या. भिंगे लांब होती, तोफांसारखी, आणि सगळी एकाच फटीवर रोखली होती.

जयवंतने भिंगातून पाहिले, मान हलवली. ढोलीवर सावली होती. पूर्वेकडून एक पर्णभारित फांदी आडवी आली होती, आणि पहाटेचे कोवळे सोने त्या पानांवरच अडत होते. नुकत्या फुटलेल्या पालवीची फांदी. एखाद्या खोलीच्या दाराला पडदा असावा तशी.

"जानू," जयवंतने हळूच हाक मारली, "ती."

जानू झोरे डोंगरावरच्या धनगरवाड्यातला. शिबिरांना वाट दाखवायला यायचा. त्याने वर पाहिले, मग जयवंतकडे. "साहेब, आत पिल्लू झालंय. आवाज येतोय."

"म्हणूनच म्हणतो, लवकर कर."

जानू चढला. कमरेचा कोयता हातात आला. पहिला घाव बसला तेव्हा फटीत दिसणारे चोचीचे पिवळे टोक झर्रकन आत गेले. दुसरा घाव. तिसरा. लाकडातून पाणी निथळले, पालवीचा हिरवा-तुरट वास घळीत भरला, आणि ती अख्खी फांदी, आपल्या सगळ्या नव्या पानांनिशी, खाली येऊन पडली.

आणि उजेड आत शिरला. सुवर्णशलाकेसारखा, थेट, निर्लज्ज. विष्ठेची ती भिंत लखलखली.

"वा," कुणीतरी म्हणाले.

हेमांगी उभी होती.  ओरडावे असे वाटत होते, पण इतक्या लोकांत नवऱ्याला अडवायची तिला सवय नव्हती. कोयता चालला तेवढा वेळ ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणे तिच्या तोंडात कडू झाले.

मग नर आला. आधी आवाज आला, लोहाराच्या भात्यासारखा, हवा फाडत येणारा. मग दरीवरून तो दिसला: काळे विशाल पंख, पंखांवर शुभ्र पट्टे, माथ्यावर पीतवर्ण शिरस्त्राण, गळ्याशी हळदीची छटा. चोचीत उंबरे होती. तो नेहमीच्या वाटेने आला, नेहमीच्या फांदीकडे वळला. आणि फांदी नव्हती.

हवेतच तो कलला. वळला. दरीवर गेला. परत आला. खाली तिवया होत्या, चकाकणारी काचेची वर्तुळे होती, माणसे होती. तो वळला. गेला.

ऊन वर चढत राहिले. नर येत राहिला, जात राहिला, येत राहिला, जात राहिला. ढोलीच्या फटीत अधूनमधून ते पिवळे टोक येई, उघडे, मिटे आणि काहीच न घेता आत जाई. आतून एक बारीक, किरटा, कोवळा आवाज येई, आधी वारंवार, मग थांबून थांबून.

झाडाखाली माणसांनी डबे उघडले. पोहे निघाले, उकडलेली अंडी निघाली. अंड्यांची कवचे सोलून सोलून बेहड्याच्या मुळांशी पडू लागली, पांढरी, तुकड्या-तुकड्यांची. वर एक अंडे फुटून जीव झाला होता, आणि खाली मीठ मागितले जात होते. बोटे चाटली जात होती. कुणी ढेकर दिली आणि रानातली शांतता किती छान आहे असे म्हटले.

"येत नाहीये तो," डॉक्टर बोरवणकर हळहळून म्हणाले.

"आणू," जयवंत म्हणाला.

त्याने पिशवीतून एक लहानसा स्पीकर काढला आणि दगडावर ठेवला. स्पीकरमधून दुसऱ्याच कुठल्या रानातल्या, दुसऱ्याच नराची हाक आली. खोल, खर्जातली, दरी भरणारी. परका नर. तुझ्या दारात परका नर.

धनेश कड्यावरून तीरासारखा आला. भीती विसरून, काचा विसरून, माणसे विसरून. बेहड्याच्या शेंड्याशी येऊन त्याने चोच उघडली, त्या नसलेल्या शत्रूवर धावून जाण्यासाठी, आणि चोचीतली उंबरे सुटली. एकामागून एक, लालसर, पिकलेली, कापलेल्या वाटेने आलेल्या त्या उजेडात चमकत, ती खाली पडत गेली.

खालून कॅमेऱ्यांचा एकच कडकडाट उठला, कोरड्या शेंगा तडकाव्यात तसा. मग हसू. मग एकमेकांच्या पाठीवर थापा. उंबरे पोह्यांच्या कागदांत पडली होती.

फटीत चोच उघडली होती. उघडीच होती.

हेमांगी जयवंतजवळ गेली. "जयवंत, चल आता. पुरे."

"एकच राहिलाय," तो भिंगातूनच म्हणाला. "चोच आत जातानाचा. मग जाऊ."

"तो येणार नाही. आपण असताना येणार नाही."

"परत वाजवतो. येईल."

त्याचा हात स्पीकरकडे गेला. हेमांगीने तो स्पीकर उचलला आणि आइसबॉक्सच्या वितळलेल्या पाण्यात बुडवला. हाक बुडबुड करत विझली. मग ती परत आली आणि जयवंतच्या भिंगापुढे उभी राहिली. इतकी जवळ, की तिच्या श्वासाने काचेवर धूसर वर्तुळ उमटले.

"हेमा, बाजूला हो. लोक बघतायत."

"माझा काढ," ती म्हणाली. "मी हलत नाही."

 डॉक्टर बोरवणकरांनी डब्याचे झाकण लावले, हळूच, सभ्यपणे, दुसऱ्यांच्या घरचे भांडण कानावर पडल्यावर लावावे तसे. जयवंतने डोळा भिंगापासून काढला. त्या डोळ्यांत तिने नदीकाठचा चिखल शोधला. चिखल नव्हता. तिथे फक्त चुकलेल्या चित्राचा हिशेब होता.

"तुला काय वाटतं, मला कळत नाही?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ही माणसं काहीतरी घेऊन जायला आलीत. असली चित्रं पाहिली म्हणजेच लोकांना रान वाचवावंसं वाटतं."

"कुणापासून?" तिने विचारले.

तो तिवई मिटू लागला.

सारे जीपकडे गेले; ती गेली नाही, आणि वाट दाखवायला जानूही मागे राहिला. दोघे पलीकडच्या उतारावर कारवीच्या झुडपांत दडून बसले. दुपार कलली. सावल्या घळीत उतरल्या. नर बेहड्याच्या शेंड्यावर येऊन बसला, बराच वेळ नुसता बसला, मान तिरकी करून एकेक दगड न्याहाळत. मग फांदी नाही म्हणून त्याने खोडालाच नखे रोवली आणि पंख फडफडवत, घसरत, पुन्हा सावरत, एक उंबर फटीत दिले. एकच. दुसरे देताना तोल गेला. ते पडले.

हेमांगीने श्वास सोडला. पण खाली पडलेल्या उंबरावरून तिची नजर हटली नाही.

संध्याकाळी ती वनखात्याच्या चौकीवर गेली. भला माणूस होता तिथला साहेब. त्याने चहा मागवला, पंखा तिच्याकडे वळवला. तिने सारे सांगितले. तो ऐकत राहिला आणि मग भिंतीकडे बोट दाखवले. भिंतीवर गवा होता, शेकरू होते, डरकाळी फोडणारा बिबट्या होता. "ताई, ही सगळी सरांनीच काढलेली. आमचं उद्यान लोकांना ठाऊक झालं ते सरांमुळं." मग दारात उभ्या असलेल्या जानूकडे वळून त्याने विचारले, "काय रे, फांदी कशानं पडली?"

जानूने जमिनीकडे पाहिले. "वाऱ्यानं, साहेब."

"बघा," साहेब समजुतीने म्हणाला, "वाऱ्यानंसुद्धा पडतात."

चहावर साय धरली होती, सुरकुतलेली, पिवळट. तिने कप दूर सारला. तिला साहेबाचा वीट आला, जानूचा आला, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत खोल, स्वतःचा आला. कोयत्याचे घाव तिनेही ऐकले होते.

वैशाखात पुण्याच्या एका थंडगार दालनात त्या सकाळची चित्रे लागली. मधोमध, भिंतभर, तो धनेश होता. पंख उघडलेले, चोच उघडलेली, आणि चोचीतून सुटलेली उंबरे सोनेरी प्रकाशात माणकांसारखी तरंगत असलेली. खाली नाव होते: पितृधर्म. चित्र सुंदर होते. हेच सर्वांत भयंकर होते. ते खरोखर, निःसंशय, डोळ्यांत पाणी यावे इतके सुंदर होते.

माणसे त्यापुढे थबकत, हात जोडल्यासारखे उभे राहत, हातातल्या ताटलीतला बटाट्याचा तुकडा काडीने टोचून तोंडात टाकत आणि हळवी होत. ओठांवर तेल चकाकत होते. "बाप बाप असतो," कुणी म्हणाले. जयवंतच्या खांद्यावर शाल होती.

रेशमी साडीतल्या एक बाई हेमांगीजवळ आल्या. "किती भाग्यवान तुम्ही. हे सगळं समोर पाहिलंत. आणि तो उजेड, अगदी देवाघरचा."

"तो उजेड कोयत्याचा आहे," हेमांगी म्हणाली.

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिले, डोळे मिटले, आणि छातीवर हात ठेवला. "काय सुंदर बोललात," त्या म्हणाल्या, आणि मैत्रिणीला ते वाक्य सांगायला गेल्या.

हेमांगी हात धुवायला गेली. साबण गुलाबाच्या वासाचा होता. तिने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि गुलाबाचा वास बोटांतून जाईपर्यंत साध्या पाण्याखाली धरून ठेवले. मग ती कुणाला न सांगता घरी आली, आणि जयवंत आला तेव्हा त्याचे अंथरूण तिने बाहेरच्या खोलीत घातलेले होते. 

वैशाख सरता सरता जानूचा फोन आला.  तो म्हणाला, "ताई, भिंत फुटलीया. पर पिल्लू न्हाई भायेर आलं. मादी एकलीच आलीया. मी तवा खोटं बोललो, ताई. तुमी या."

ती गेली. एकटी, एसटीने, मग चालत.

घळ कोरडी होती. बेहड्याखाली भिंतीचे ढेकळ पडले होते, चोथ्याचे, मातीचे, विष्ठेचे. तिने ते हातात घेतले. त्याला वास नव्हता. उन्हात वाळलेल्या शेणीसारखे ते हलके, स्वच्छ, निर्मळ होते. पलीकडे पाचोळ्यात, ढोलीतून बाहेर टाकलेले, एक मुठीएवढे काहीतरी होते. कृश, निष्पिच्छ, कातडे सुकून हाडांना चिकटलेले. न झालेल्या चोचीचा कोंब. मुंग्यांची एक काळी, शिस्तीची ओळ तिथवर येत होती आणि तिथून जात होती. मुंग्या आपले काम करत होत्या. तिला त्यांची किळस आली नाही.

जानूने खड्डा खणला.  माती लोटून झाल्यावर त्याने फक्त वर बोट केले.

मादी वर होती. पंखांची पिसे पुरती आली नव्हती; अर्धवट फुटलेल्या त्या पंखांनिशी ती एका जाड फांदीवर बसली होती, कित्येक महिन्यांनी उजेडात आलेली, उजेडाला बिचकलेली. छाती मळकट होती. डोळा मात्र शुभ्र होता, शंखासारखा, आणि त्याभोवती रक्ताची कडा होती. त्या डोळ्याने तिने खाली पाहिले. दोन माणसे, दोन सावल्या, चार हात.

हेमांगी हलली नाही. काहीतरी सांगावे असे तिला फार वाटले: मी त्यांच्यातली नाही. पण कोणत्या भाषेत सांगणार होती ती? संस्कृतात? आणि ते खरे तरी होते का?

पाखराने तिला नीट पाहून घेतले. मग मान वळवली, शांतपणे, ताटातले नासलेले अन्न बाजूला सारावे तशी.

आणि उडता येत नव्हते म्हणून ती चढू लागली. या फांदीवरून त्या फांदीवर, त्या फांदीवरून वरच्या फांदीवर, अर्ध्या पंखांचा आधार घेत, थांबत, धापा टाकत, पण मागे न पाहता. पानांआड, आणखी पानांआड, वर, आणखी वर, जिथवर माणसाची नजर पोचत नाही तिथवर, आणि मग त्याच्याही वर.